ओसरीपर्यंतचे डॉक्टर

सातपुड्याच्या डोंगरातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून, एखादी पावरा म्हातारी मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल होते, तेव्हा सकाळच्या फेरीला तिच्या खाटेभोवती काय घडते ते पाहण्यासारखे असते. पुढे प्राध्यापक, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर आणि सर्वांत मागे विद्यार्थ्यांचा घोळका. प्रश्न मराठीतून विचारला जातो, चर्चा इंग्रजीतून होते आणि म्हातारी पावरीतून जे पुटपुटते ते कोणालाच कळत नाही. ‘औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा कागदावर पडतो आणि घोळका पुढच्या खाटेकडे वळतो. मग शेवटच्या रांगेतला, आंतरवासिता करणारा एखादा तरुण मागे रेंगाळतो, तिच्याशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलतो आणि उलगडा होतो. गोळ्या ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’ घ्यायला सांगितल्या होत्या. म्हातारी जेवते दोनदा, कधी एकदाच. जेवण नाही म्हणून गोळी नाही. तिने डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला होता.

त्या खाटेपाशी रोगाचे खरे कारण ज्याला कळले, तो तरुण बहुधा अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवरून महाविद्यालयात आलेला असतो. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृहात त्याला ‘रँक किती?’ असा प्रश्न विचारला गेलेला असतो. हा प्रश्न गुणांचा नसून जातीचा आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. पुढची साडेपाच वर्षे तो क्रमांक त्याच्या नावापुढे अदृश्य पदवीसारखा चिकटून राहतो. ज्याच्या अस्तित्वाची रुग्णाला नितांत गरज आहे, त्याला संस्था मात्र उपकारावर आलेला पाहुणा समजते. वैद्यकीय शिक्षणातील सामाजिक विविधतेचा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो. त्याकडे केवळ जागांच्या वाटपाचा तंटा म्हणून पाहणे म्हणजे रोगाचे लक्षण पाहून निदान टाळणे होय.

या देशात आधुनिक वैद्यकाचे दार सहजासहजी कोणासाठीच उघडले नाही, याची आठवण येथे ठेवली पाहिजे. १८३५ साली कलकत्त्याचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांना शस्त्राबरोबर जातिनिर्बंधही हाती घेऊन चिरावे लागले. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालचे. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर पारशी आणि ख्रिस्ती तरुणही होते. धर्मांचे हे वैविध्य त्या काळी लहान नव्हते. परंतु ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, त्यांच्यापैकी कोणी त्या पंक्तीत नव्हते. स्त्रियाही नव्हत्या. आनंदीबाई जोशी यांना त्यासाठी १८८३ मध्ये समुद्र ओलांडावा लागला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळवून त्या परतल्या आणि बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच निवर्तल्या. ज्या रखमाबाईंनी बालपणी लादलेला विवाह न्यायालयात नाकारला, त्या १८९४ मध्ये विलायतेतून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आपले आयुष्य स्त्रियांच्या रुग्णालयांना दिले.

याच मालिकेत एक प्रसंग १८९७ चा आहे. पुण्यात प्लेगने थैमान घातले असताना, जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर दवाखाना मांडला. हा मुलगा एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा, वाढला माळ्याच्या घरी आणि शिकून झाला डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला पाठीवर घालून आणले, आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या वस्तीत सरकारी वैद्य जाण्यास धजत नव्हता, तेथून रोगी पाठीवर आणणारे माणूस त्या दवाखान्याजवळ होते, हे त्या दवाखान्याचे खरे वैशिष्ट्य होते. वैद्यक आणि वस्ती यांच्यामधले अंतर कोण तोडणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर कायद्याने तोडण्याचा प्रयत्न झाला आणि त्याची पहिली झुंजही वैद्यकीय महाविद्यालयाच्याच उंबरठ्यावर झाली. मद्रास राज्यातील जातवार जागावाटपाचा आदेश १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोरायराजन प्रकरणात रद्द ठरवला. त्यावर संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून पंधराव्या अनुच्छेदात चौथे उपकलम घातले. मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षणात खास तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार त्यातून निर्विवाद झाला. पुढे १९८१ मध्ये गुजरातेत पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरून अहमदाबादेत विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. त्याचे चटके गावोगावच्या दलित वस्त्यांना बसले. २००६ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या सत्तावीस टक्क्यांविरुद्ध दिल्लीत पांढरे कोट रस्त्यावर आले. या प्रत्येक वेळी घोषणा एकच होती : गुणवत्ता वाचवा.

तेव्हा या गुणवत्तेची नाडी एकदा शांतपणे तपासली पाहिजे. राखीव जागेवरील विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी कमी गुण चालतात, हे खरे. परंतु महाविद्यालयात पाऊल टाकल्यानंतर शरीररचनाशास्त्राची प्रश्नपत्रिका त्याला वेगळी मिळत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे पन्नास टक्के त्याच्यासाठी चाळीस होत नाहीत. विद्यापीठ एक, परीक्षक एक, पदवी एक. तेव्हा ‘राखीव जागेवरचा डॉक्टर रुग्णाच्या जिवाशी खेळतो’ हा आक्षेप खरा मानायचा, तर तो त्या विद्यापीठाच्या परीक्षेवर आणि तेथील प्राध्यापकांवर घेतला पाहिजे. तसे कोणी करीत नाही. आक्षेपाचा रोख परीक्षेवर नसतो, परीक्षार्थीच्या आडनावावर असतो.

याउलट, पैशाच्या राखीव जागांविषयी विलक्षण मौन पाळले जाते. २००५ च्या इनामदार प्रकरणातील निकालाने खासगी महाविद्यालयांना पंधरा टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली. खासगी महाविद्यालयांचे वर्षाचे शुल्क लक्षावधी रुपयांत मोजले जाते. गुणवत्ता यादीत वर असलेला गरिबाचा मुलगा ते शुल्क पाहून माघारी फिरतो आणि त्याच्या कितीतरी खालचा मुलगा त्याच जागेवर बसतो. त्याला वसतिगृहात कोणी ‘रँक किती?’ म्हणून विचारीत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर केंद्र सरकारने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पात्रतेची अट सर्व वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र ठरला. कारण साधे होते. जागा रिकाम्या राहत होत्या. डॉक्टरांच्या काही संघटनांनी त्यावर नाराजी नोंदवली, पण १९८१ आणि २००६ सारखे रस्ते त्या दिवशी भरले नाहीत. ज्या गुणवत्तेचा कैवार जातीच्या प्रश्नावर इतक्या त्वेषाने घेतला जातो, ती पैशाच्या प्रश्नावर इतकी सोशिक कशी होते, याचे उत्तर त्या कैवाऱ्यांनी दिले पाहिजे.

शिवाय ज्या एका परीक्षेवर हा सारा डोलारा उभा आहे, ती तरी निखळ गुणवत्ता मोजते काय? लातूर वा कोटा येथे दोन-दोन वर्षे खोली घेऊन राहणे, शिकवणीचे लाखभर रुपये भरणे आणि पहिल्या वर्षी यश न आल्यास पुन्हा एकदा बसणे, हे ज्या घराला परवडते, त्या घरातील मुलाचे गुण म्हणजे त्याची बुद्धी अधिक बापाची ऐपत अशी ती बेरीज असते. २०२४ मध्ये या परीक्षेची प्रश्नपत्रिका हजारीबाग आणि पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद झाले आहे. त्याआधी, २०२२ च्या जानेवारीत, अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवताना त्याच न्यायालयाने म्हटले होते की, स्पर्धापरीक्षेतील यश हे सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक अनुकूलतेपासून अलग करता येत नाही. गुणवत्तेचा अर्थ त्यामुळे व्यापक घ्यावा लागतो. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला हे नव्याने ऐकण्याचे कारण नव्हते. पण ऐकावे लागले.

दाराचा प्रश्न येथवर आहे. दार उघडले, ही घटनेची आणि चळवळीची कमाई आहे. परंतु जुन्या वाड्यांत जशी रीत होती, की अमक्याने अंगणात थांबावे, तमक्याने ओसरीपर्यंत यावे आणि माजघरात कोणी कोणी यावे हे ठरलेले असावे, तशी रीत आपल्या वैद्यकीय संस्थांनी जतन करून ठेवली आहे. राखीव जागेवरून आलेल्या विद्यार्थ्याला ओसरीवर बसण्याची परवानगी आहे, माजघर अजून दूर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृहात वेगळे पडणे, भोजनालयात आणि खेळाच्या मैदानावर त्यांना दूर ठेवले जाणे, प्राध्यापकांकडून पुरेसे साहाय्य न मिळणे आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील मूल्यमापनाविषयी त्यांना वाटणारा अविश्वास, या साऱ्याची नोंद त्या अहवालात आहे. देशातील सर्वांत नामवंत संस्थेची ही कथा. लहान गावच्या महाविद्यालयात काय असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

तोंडी परीक्षा ही तर या रीतीची खास जागा आहे. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते, तोंडी परीक्षेत समोर माणूस असतो. त्याचा उच्चार असतो, त्याचे गाव असते, आडनाव असते. परीक्षक दुष्ट असण्याची गरज नसते. इंग्रजी अडखळले की ज्ञान अडखळले असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पदव्युत्तर शिक्षणात तर शस्त्रक्रियेच्या मेजापाशी कोणाला उभे करायचे, कोणाच्या हाती शस्त्र द्यायचे आणि कोणाला केवळ कागद भरायला बसवायचे, हे वरिष्ठांच्या मर्जीवर असते. हात चालवल्याशिवाय शल्यविशारद होत नाही. हात चालवू दिला नाही आणि नंतर ‘हात नाही’ म्हटले, की चक्र पुरे झाले.

मे २०१९ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील एका तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला. तो सिद्ध होतो की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पण न्यायालयाने काहीही ठरवले तरी एक प्रश्न उरतोच. अशी मुलगी आपले गाऱ्हाणे घेऊन कोठे जाणार होती? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम केले होते. २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, लिंग यांवरून होणारा छळ समाविष्ट केला गेला. नियम कागदावर होते. २०१९ मध्ये तिच्या आईने, हैदराबादेत २०१६ साली प्राण गमावलेल्या तरुण संशोधकाच्या आईबरोबर, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून. लेकरे गमावल्यावर दोन आयांना सरकारचेच नियम सरकारला वाचून दाखवावे लागले, याहून अधिक लाजिरवाणे काय असू शकते?

हा दोष केवळ काही माणसांच्या मनातील जातीयतेचा आहे असे मानले, तर प्रश्न अर्धाच समजेल. वैद्यकीय महाविद्यालयाने आदर्श विद्यार्थ्याचा एक साचा मनाशी धरलेला आहे. तो पुरुष असतो, शहरातला असतो, इंग्रजी माध्यमातून आलेला असतो, घरून पैसे येणारा असतो, धडधाकट असतो आणि त्याला घरचे दुसरे कोणतेही ओझे नसते. या साच्यात जो बसत नाही, त्याला सतत आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते. उदाहरणार्थ, निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास पाहावेत. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग काम साधारणपणे बारा तासांपलीकडे जाऊ नये असे सांगितले. प्रत्यक्षात चोवीस आणि छत्तीस तासांच्या पाळ्या नित्याच्या झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्यातील एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर सेमिनार कक्षात अत्याचार होऊन तिचा खून झाला. तेव्हा सुरक्षित विश्रांतिगृहासारख्या साध्या गोष्टीची वाण साऱ्या देशाला कळली. मुली मोठ्या संख्येने डॉक्टर होऊ लागल्या, त्याला कित्येक वर्षे झाली. इमारत मात्र त्या तेथे नाहीत असे धरूनच उभी आहे.

अपंगांच्या बाबतीत हा साचा चक्क नियमांत लिहिलेला होता. २०१६ च्या कायद्याने पाच टक्के जागा दिल्या, पण मार्गदर्शक सूचनांतील अमुक टक्के अपंगत्व आणि ‘दोन्ही हात शाबूत’ यांसारख्या अटी त्या जागांच्या आड येत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नये, तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय हे पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘दोन्ही हात शाबूत’ या अटीलाही न्यायालयाने झिडकारले. जो स्वतः व्याधी घेऊन जगतो, त्याला व्याधिग्रस्तांचा वैद्य होण्यापासून रोखणारे शास्त्र किती आंधळे असेल, हे त्या निकालांनी उघड केले.

यावर कोणी म्हणेल, की विद्यार्थ्यांवरील अन्याय मान्य, पण याचा रुग्णाशी संबंध काय? संबंध अगदी थेट आहे. सिकलसेलसारखा आजार घ्यावा. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातील दलित वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघायला २०२३ साल उजाडले. हाडे फोडून काढणाऱ्या वेदनेने विव्हळणाऱ्या पोराला ‘ढोंग करतो’ म्हणून वाटेला लावणे सोपे असते, कारण ती वेदना बाहेरून दिसत नाही. ज्याच्या घरी भावाला वा बहिणीला ती वेदना झालेली आहे, तो डॉक्टर असे करणार नाही. आणि त्याच्याबरोबर शिकलेले चार मित्रही पुढे तसे करण्यापूर्वी थबकतील. वर्गातील विविधतेचे हे देणे आहे. एकाचा अनुभव सर्वांचे शिक्षण होतो. मात्र तो बोलू शकेल, अशी वर्गात त्याची प्रतिष्ठा असली पाहिजे. ओसरीवर बसवलेला माणूस काय बोलणार?

येथे एक सावधगिरीही राखली पाहिजे. आदिवासी डॉक्टरने डोंगरातच जावे, दलित डॉक्टरने वस्तीतच दवाखाना काढावा, अशी अपेक्षा काही भले लोक करतात. ती वरवर उदात्त दिसली तरी आत जुनी वर्णव्यवस्थाच आहे. मलबार हिलच्या मुलाला कोणी मलबार हिलवरच राहण्याची अट घालीत नाही. हृदयशल्यक आणि संशोधक होण्याचा अधिकार धडगावच्या मुलालाही तितकाच आहे. खेड्यात जाणे हे साऱ्या डॉक्टरांचे समान कर्तव्य ठरले पाहिजे आणि शासनाने तेथे घर, औषधे, सहकारी आणि वेळेवर पगार दिला पाहिजे. बंधपत्राचा लाखांचा दंड भरून श्रीमंताची मुले सुटतात आणि ज्याला दंड भरता येत नाही तो जातो, याला समान सेवा म्हणता येणार नाही.

मग करावे काय? गोष्टी अवघड नाहीत. इच्छा अवघड आहे. प्रवेशाचा प्रवर्ग आणि क्रमांक प्रवेश होताच बंद लखोट्यात जावा. तो सूचनाफलकावर लावणे आणि त्यावरून डिवचणे, हे रॅगिंग मानून शिक्षा व्हावी. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत सर्वांना ठरलेल्या यादीतील प्रश्न विचारले जावेत आणि प्रत्येक उत्तराचे गुण तेथेच नोंदले जावेत. शस्त्रक्रियेतील कामाची पाळी लेखी असावी. तक्रार ऐकणाऱ्या समितीत महाविद्यालयाबाहेरची माणसे बहुसंख्य असावीत, कारण ज्याच्या हाती परीक्षेचे गुण आहेत त्याच्याविरुद्ध त्याच्याच सहकाऱ्यांपुढे कोणी बोलत नाही. शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर नव्हे, सुरू होताना हाती पडावी. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांचा अभिमान मिरवणाऱ्या महाराष्ट्राला तसे करण्यास कोणाची आडकाठी आहे?

आणि भाषेची बाब. २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या आरंभी पायाभूत वर्गाची आणि त्यात इंग्रजी व स्थानिक भाषेच्या परिचयाची योजना होती. तिचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवा’ एवढाच घेतला गेला. दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. शहरातल्या मुलाला अहिराणी, पावरी, गोंडी यांतील निदान दुखण्याचे, खाण्याचे आणि निजण्याचे शब्द शिकवले पाहिजेत. आणि ते शिकवण्याचे काम त्याच वर्गातल्या, ज्याचे इंग्रजी अडखळते त्या मुलाकडे दिले पाहिजे. त्या तासाला तो गुरू असेल आणि इतर शिष्य. एवढ्या एका तासाने वसतिगृहातील रँकचा प्रश्न कितीतरी फिका पडेल.

धडगावची ती म्हातारी बरी होऊन घरी जाईल की ‘औषधे नियमित घेत नाही’ या शेऱ्यासह तिची कागदपत्रे कपाटात जातील, हे ठरवणारा माणूस आज फेरीच्या शेवटच्या रांगेत उभा आहे. त्याला तेथवर आणण्यासाठी या देशाने घटना बदलली, चळवळी लढवल्या, प्राणांची किंमत मोजली. त्याला शेवटच्या रांगेतून पुढे, खाटेच्या उशाशी आणायला मात्र कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. प्राध्यापकांनी मागे वळून ‘ती काय म्हणते आहे, तुम्ही सांगा’ एवढे त्याला विचारले, तरी आरंभ होईल.